बसण्यापुरती जागा

रविवार, ता. १२ फेब्रुवारी १९५६

काल कचेरीत शिपायाने फायलींचा गठ्ठा टेबलावर आपटला आणि मी टेबलाखाली गेलो. पडलो नाही, आपण होऊन गेलो. पन्नाशी उलटलेला हेडक्लार्क, अंगात कोट, आणि गुडघे पोटाशी घेऊन टेबलाखाली. कोणी हसलं असतं तर बरं झालं असतं. शिपायाने हात देऊन बाहेर काढलं, पाणी दिलं, आणि सगळे आपापल्या कागदांत बघायला लागले.

कारण सर्वांना माहीत आहे. गेल्या महिन्यात गिरगावात गोळीबार झाला, त्यात माझा मुलगा जयानंद गेला. एवढं एकदा लिहून ठेवतो. पुन्हा लिहायचं नाही.

आज सकाळी डॉक्टरांकडे गेलो होतो. ते आमचे जुने डॉक्टर. नळी लावून बराच वेळ ऐकलं आणि म्हणाले, "हृदय ठणठणीत आहे, मनमोहनराव. गोळ्यांनी हे जायचं नाही."

ते औषधाच्या गोळ्यांबद्दल बोलत होते. मला ते कळायला थोडा वेळ लागला. त्यांनाही आपण काय बोललो ते कळलं असावं, कारण ते उगाच हात धुवायला उठले. परत येऊन म्हणाले, "रोज थोडा वेळ स्वस्थ बसत जा. ध्यान म्हणतात तसं."

"बसायचं म्हणजे कसं?"

"ते मला नका विचारू, मी कुठे बसतो! एखादं चांगलं पुस्तक बघा, अगदी पहिल्यापासून शिकवणारं. आणि मनात येईल ते लिहीत जा."

म्हणून ही वही.

गुरुवार, ता. १६ फेब्रुवारी

ठाकुरद्वारच्या नाक्यावरच्या पुस्तकवाल्याला म्हटलं, ध्यानाचं पहिलं पुस्तक द्या. त्याने विटेएवढा ग्रंथ काढून दिला. "यात सगळं आहे," म्हणाला. सगळं आहे हे खरं, पण आरंभ कुठे आहे ते सापडत नाही. पहिला अध्याय आतडी धुण्याचा. दुसऱ्यात नदीकाठची निर्जन जागा, दर्भ आणि हरणाचं कातडं.

नलू म्हणाली, "बाबा, हरणाचं कातडं गिरगावात कुठे मिळणार?" आणि हसली. माझी मुलगी कॉलेजात दुसऱ्या वर्षाला आहे. त्या दिवसानंतर आज ती पहिल्यांदाच हसली. मलाही हसू आलं. मग दोघांनी एकदमच तिच्या आईकडे, उर्मिलेकडे पाहिलं आणि गप्प झालो.

उर्मिला जयूच्या खाटेवर खिडकीशी बसली होती. घरातली कामं आटोपली की आता ती तिथेच बसते. खालचा रस्ता दिसतो तिथून.

रविवार, ता. २६ फेब्रुवारी

ग्रंथ परत करून एक इंग्रजी पुस्तक आणलं. लिहिणारा कोणी साहेब आहे. पोटात सूर्य आहे अशी कल्पना करा म्हणतो. चार दिवस कल्पना केली. अ‍ॅसिडिटी झाली.

कचेरीतल्या एकाच्या सांगण्यावरून काल प्रभादेवीला एका स्वामींच्या प्रवचनाला गेलो. मांडव, तोबा गर्दी, आणि कर्णा माझ्या डोक्यावर बांधलेला. "शांत व्हा!" असे ते इतक्या जोरात ओरडले की घाम फुटून मी अर्ध्यातून उठलो. बाहेर कठड्याला धरून उभा राहिलो. एका भल्या बाईने विचारलं, घरी सोडायला कोणी आहे का?

घरी आलो तर उर्मिलेने तेच सुरू केलं. रोज संध्याकाळी ती तेच बोलते. त्या सकाळी जयूने चहा अर्धाच घेतला, खालून कोणीतरी हाक मारली, तो म्हणाला आलोच. ती त्याला म्हणाली, चहा तर संपव. एवढंच, पण पुन्हा पुन्हा. माझी छाती इतकी धडधडायला लागली की सदरा हलताना दिसत होता. मी म्हटलं, "उर्मिला, रोज रोज तेच बोलून काय होणार? मला सोसत नाही."

ती माझ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "नाही बोलत."

समजूतदार आहे बिचारी.

रविवार, ता. ४ मार्च

अखेर माणूस मिळाला. नाव काहीही असो, सगळे त्यांना अप्पा म्हणतात. हेडमास्तर होते, आता निवृत्त. सकाळी शिवाजी पार्कला फिरतात आणि नंतर मैदानाच्या कट्ट्यावर चार जणांना घेऊन बसतात. मी पहाटेची ट्राम धरून दादरला गेलो. एका बाजूला पोरं नेट बांधत होती. कालच्या सभेच्या पताका अजून झाडांना लोंबत होत्या.

अप्पांना विचारलं, यातून काय साधतं?

"काही साधायला आला असाल तर परत जा," ते म्हणाले. "बसायचं. श्वास येतो जातो, त्याच्याकडे बघायचं. मन पळालं की परत आणायचं. रागावून नाही, लहान मूल रस्त्यावरून आणतो तसं, हाताला धरून. पुन्हा पळेल. पुन्हा आणायचं."

"एवढंच?"

"करून बघा, म्हणजे एवढंच किती आहे ते कळेल."

त्यांनी नवशिक्यांसाठी दहा-बारा पानं टाइप करून ठेवली आहेत, ती मला दिली. सोपं, सरळ मराठी आहे. हरीण नाही, सूर्य नाही. हेच मी इतके दिवस शोधत होतो. छातीच्या धडधडीचं मी त्यांना सांगितलं. जयूचं सांगितलं नाही. शिकायला गेलो होतो, कहाणी सांगायला नव्हे.

मंगळवार, ता. ६ मार्च

पानं वाचतो आहे. पहिल्याच पानावर आहे की घरात कोणाशी अबोला असेल, कोणाचं काही ऐकायचं राहिलं असेल, तर आधी ते ऐकून घ्यावं आणि मगच बसावं. आमच्याकडे भांडणतंटा नाही. पान उलटलं.

दुसऱ्या पानावर जागेचं. रोज एकच जागा असावी, मोकळी, स्वच्छ, उजेडाची. दोन खोल्यांच्या बिऱ्हाडात अशी जागा म्हणजे खिडकीजवळची. तिथे जयूची खाट, टेबल, कपड्यांची दोरी.

रविवार, ता. ११ मार्च

आज ते काम उरकलं. नलू आईला जबरदस्तीने चौपाटीवर वारा खायला घेऊन गेली होती, तेवढ्यात केलं. तिच्या डोळ्यांसमोर नको म्हणून मुद्दामच. खाट शेजारच्या कौसल्याबाईंना दिली, त्यांच्याकडे माणसं जास्त. टेबल पोटमाळ्यावर टाकलं. पुस्तकं बांधली. फोटोही काढून ट्रंकेत ठेवला. समोर दिसला की छाती सुरू होते.

कपडे उरले होते. वाडीत बोहारीण आली होती, तिला वर बोलावलं. पँटी, सदरे, कॉलेजचा कोट, सगळं दिलं. बाई घासाघीस करणारी होती, पण कोट पाहून तिने पितळेचं एक मोठं पातेलं दिलं. चांगलं जाड बुडाचं आहे. दुधाला होईल. जुन्याला दोनदा डाग लावून झाला होता, उर्मिला कधीची म्हणत होती.

दोघी परत आल्या. नलू दारातच थांबली. उर्मिला आत आली, खिडकीपाशी गेली, आणि खाट होती तिथे जमिनीवर बसली. मी म्हटलं, "मोकळं वाटतं की नाही?"

मी घाबरत होतो की रडारड होईल. झाली नाही.

मंगळवार, ता. २० मार्च

बसणं जमायला लागलं. मन पळतं, पण परत येतं. काल खाली कोणीतरी पत्रा टाकला तेव्हा दचकलो, पण उठलो नाही.

नवल म्हणजे उर्मिलाही बसते. मी सकाळी आसन घातलं की ती भिंतीला टेकून तिथेच बसलेली असते. मी उठतो, कचेरीत जातो, येतो, तरी ती तिथेच. पाठ हलत नाही, पापणी हलत नाही. मला पाय बदलावे लागतात. तिला कोणी शिकवलं नाही, पानं वाचायला दिली नाहीत. बायकांना हे उपजतच असतं की काय!

रविवार, ता. ८ एप्रिल

संयुक्त महाराष्ट्राचे दोघे कार्यकर्ते आले होते. एक आमच्याच वाडीतला गणपत, दुसरा लालबागचा, गिरणीत काम करणारा, शिवा. चौकात हुतात्म्यांना श्रद्धांजलीची सभा आहे, जयानंदचा फोटो हवा होता. शिवा हात जोडून म्हणाला, "वहिनींनी पण यावा. आमच्याकडच्या मीराबाई येतत. त्यांचो पोरगो आनंदा त्याच दिवशी गेलो. दोघी आवशी एकमेकींक भेटतील."

मी सरकारी नोकर. शिवाय दोन महिन्यांच्या कष्टाने जरा कुठे स्वस्थता आली आहे. मी म्हटलं, "फोटो नाही. आणि हिला बरं नसतं, ती येणार नाही."

गणपत भिंतीवरच्या रिकाम्या खिळ्याकडे बघत होता. शिवा म्हणाला, "एक डाव वहिनींक इचारा तरी."

"विचारायची गरज नाही," मी म्हटलं.

दार लावून वळलो तर उर्मिला स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर उभी होती. मी म्हटलं, "तुला त्रास नको म्हणून." तिने मान हलवली. हो म्हणून की नाही म्हणून, ते कळलं नाही.

रविवार, ता. २२ एप्रिल

अप्पांना उर्मिलेबद्दल सांगितलं. थोड्या अभिमानानेच सांगितलं. तासन्‌तास बसते, एक शब्द बोलत नाही, कशाचा राग नाही, कशाचा लोभ नाही. मला वर्षं लागतील तिथे ती पोचली आहे.

वाटलं होतं अप्पा खूश होतील. त्यांनी काठी दुसऱ्या हातात घेतली आणि विचारलं, "जेवतात का नीट?"

"कमी जेवते. पण मिताहार तुमच्याच पानांत आहे."

"झोप?"

"तिलाच विचारायला हवं."

"मनमोहनराव, घरात काही घडलं आहे का?"

मैदानावर फटकावलेला चेंडू आमच्या अंगावर येत होता, सगळे बाजूला झाले, आणि तो प्रश्न तसाच राहिला. निघताना ते म्हणाले, "एकदा त्यांना घेऊन या. नाही तर मीच येतो गिरगावात." बघू म्हटलं. उन्हाळ्यात कशाला म्हाताऱ्या माणसाला त्रास!

रविवार, ता. १३ मे

कचेरीत पगारवाढ झाली. साहेब म्हणाले, तुम्ही फार धीराने घेतलंत. बरं वाटलं.

उर्मिलेने दूध आणि चहा दोन्ही सोडलं. किती दिवस झाले, मला आज लक्षात आलं. "व्रत आहे का काही?" विचारलं, तर नुसती बघत राहिली. नलूची परीक्षा झाली, ती घरात असते, आणि सारखी माझ्यावर चिडलेली असते. हल्ली मुलींना निकालाचा ताण फार. मी तिला म्हटलं, तूही आमच्याबरोबर बसत जा. ती ताट तसंच टाकून उठली.

रविवार, ता. २७ मे

लिहायला हात वळत नाही. पण लिहितो.

सकाळी मी बसलो होतो. उर्मिला नेहमीच्या जागी. नलू मधे येऊन उभी राहिली. मी डोळे उघडले नाहीत, वाटलं जाईल. ती गेली नाही. म्हणाली, "बाबा, डोळे उघडा आणि आईकडे बघा."

"नलू, थोडा वेळ."

"आत्ता बघा."

मी पाहिलं. तिच्या बांगड्या कोपरापाशी गेल्या होत्या. चोळी खांद्यावरून उतरली होती. मी रोज तिच्या शेजारी हातभर अंतरावर बसत होतो.

"आई ध्यान नाही करत," नलू म्हणाली. "इथे दादाची खाट होती. खाट गेली तरी ती इथेच बसते. तिला दुसरीकडे जायला जागा कुठे आहे?"

"मग दूध तरी का सोडलं?"

"त्या पातेल्यातलं दूध ती पिणार कशी? दादाचे कपडे दिलेत तुम्ही त्याच्यावर. बोहारणीनेच तिला सांगितलं, तुमच्या मालकांनी कोट छान दिला म्हणून."

"मला का नाही कोणी सांगितलं?"

"कसं सांगायचं? तुमची छाती धडधडते. या घरात तुमच्या छातीसाठी दादाचं नाव घ्यायचं नाही. मी रडायला कौसल्याबाईंच्या मोरीत जाते. आई कुठे जाणार?"

तेव्हा मी काय बोललो ते लिहिलंच पाहिजे. मी म्हणालो, "हळू बोल, शेजारी ऐकतील."

नलूने तोंडावर हात धरला. उर्मिला आमच्या दोघांकडे बघत होती, जशी खालच्या रस्त्याकडे बघते तशी.

मंगळवार, ता. २९ मे

पातेलं उचलून पोटमाळ्यावर नेऊन ठेवलं. कौसल्याबाईंकडून त्यांच्या भांड्यात दूध आणलं आणि उर्मिलेपुढे धरलं. "घे ना," म्हटलं. तिने ओठ लावले, एक घोट घेतला, तो आत राहिला नाही. पेजही राहिली नाही. म्हटलं, "बोल. काय बोलायचं ते बोल, मी ऐकतो." तिचे ओठ हलले. आवाज आला नाही.

आज सकाळी मोरीत पडली. मी आणि नलू उचलायला धावलो. मला वाटलं होतं दोघे लागतील, पण ती माझ्या एकट्याच्या हातांत आली. लहान मुलीएवढी. टॅक्सीने परळच्या इस्पितळात नेलं. डॉक्टर तरुण आहे. नाडी धरून त्याने मला विचारलं, "हे किती दिवस चालू आहे?" मी मनात दिवस मोजायला लागलो. मग म्हणाला, "तुम्ही एकाच घरात राहता ना?"

शुक्रवार, ता. १ जून

नळीने साखरेचं पाणी देतात. डोळे उघडते, मिटते. मूत्रपिंडावर परिणाम झाला आहे म्हणतात, नक्की काही सांगत नाहीत. रजा टाकली. अप्पा आले होते, नलूने कळवलं असेल. आता त्यांना सगळं माहीत आहे. बराच वेळ माझ्या शेजारी बाकावर बसले. मी म्हटलं, "तुमची पानं चांगली होती, अप्पा. मीच ती वाचली नाहीत." जाताना माझ्या खांद्यावर हात ठेवला तो जरा जास्त वेळ राहिला.

रविवार, ता. ३ जून

आज दुपारची गोष्ट.

तिला दुसऱ्या वॉर्डात हलवलं. तिथली नर्स नवीन, मंगळूरकडची असावी. तिने पुन्हा पहिल्यापासून माहिती विचारायला घेतली. नाव, वय, पत्ता, मी सांगत गेलो. कचेरीत सांगावी तशी.

"मुलं?"

"एक मुलगी," मी म्हणालो.

अंथरुणातून आवाज आला. "दोन."

आधी मला वाटलं पलीकडच्या खाटेवरची बाई बोलली. उर्मिलेचा आवाज तसा नव्हता. गंजलेल्या बिजागरीसारखा होता. पण तीच बोलली होती. मान वळवून नर्सकडे बघत होती.

"दोन," ती पुन्हा म्हणाली. "थोरला मुलगा. जयानंद. मग नलू."

नर्सने माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "ती सांगते तसं लिहा."

"थोरला काय करतो?"

उर्मिलेने तोंड उघडलं, आणि जो आवाज निघाला तो मी कधी ऐकला नव्हता. तिचा नव्हे, कोणाचाच. सगळा वॉर्ड आमच्याकडे वळला. नर्स घाबरली, धावत आली, "शांत व्हा बाई, शांत व्हा," म्हणून तिचे खांदे दाबायला लागली. मी नर्सचा हात धरला आणि बाजूला केला. म्हटलं, "नका सांगू तिला तसं. रडू दे."

किती वेळ रडली ठाऊक नाही. सुई हातातून निघाली, रक्त आलं, ती पुन्हा लावावी लागली. पलीकडच्या खाटेवरची कोणी मालन नावाची बाई उठून हिच्या पायाशी येऊन बसली आणि पाय चोळत राहिली. नलू पोचली तेव्हा तीही आईला बिलगून तशीच रडली, मोठ्याने, मोरीत नव्हे.

शेवटी जरा ओसरलं. उर्मिलेने डोळे माझ्याकडे वळवले.

"तुम्ही त्याला पाहिलंत," ती म्हणाली.

हे खरं आहे. फक्त मीच पाहिलं. कर्फ्यूमुळे त्याला घरी आणू दिलं नव्हतं. पोलिसांच्या पहाऱ्यात मी शवागारात ओळख पटवली आणि तिथूनच स्मशानात नेलं. बायकांना येऊ दिलं नाही. ती खिडकीत उभी होती आणि आम्ही गल्लीतून गेलोच नाही. घरी येऊन मी आंघोळ केली. तिने काही विचारायच्या आत म्हणालो, आता तो विषय नको.

"डोळे मिटलेले होते का उघडे?" तिने विचारलं.

माझी छाती सुरू झाली. ती ऐकू यायला लागली, कानात, दातांत. वाटलं, मिटलेले होते म्हणावं. तिला बरं वाटेल. मलाही.

"उघडे होते," मी म्हणालो. "मी मिटले."

तिने मान हलवली.

"कुठे लागली होती?"

"इथे." मी तिच्या बरगडीपाशी बोट ठेवलं. "एकच. तोंडावर काही नव्हतं. केसांत धूळ होती, ती मी झाडली."

"चप्पल?"

"एकच होती पायात."

"अजून सांगा," ती म्हणाली.

मी सांगितलं. मला जे जे आठवत होतं ते सगळं, सदऱ्याच्या बटणापर्यंत. मधे दोनदा आवाज गेला, तेव्हा ती थांबून राहिली. नलू ऐकत होती, ती मालन ऐकत होती. भेटीची वेळ संपल्याची घंटा वाजून गेली, पण आम्हाला कोणी उठवलं नाही.